दोन घराण्यांचे वैर आणि तिसऱ्याचे पाणी

मराठी भाषेत ‘भाऊबंद’ हा शब्द जिव्हाळ्याचा आहे. लग्नकार्यात, मयतात, अडीअडचणीला जे धावून येतात ते भाऊबंद. परंतु त्याच शब्दाला एक प्रत्यय लागून ‘भाऊबंदकी’ झाली की तिचा अर्थ वैर असा होतो. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०९ साली नारायणराव पेशव्यांच्या खुनावरील आपल्या नाटकाला हेच नाव दिले, आणि ते कोणाला समजावून सांगावे लागले नाही. ज्या समाजाला आपुलकीच्या शब्दातूनच वैराचा शब्द घडवावा लागला, त्या समाजाचा जमिनीशी असलेला संबंध किती गुंतागुंतीचा असेल, याची कल्पना यावरून यावी.

या विषयाकडे वळण्याचे निमित्त एक चित्रपट आहे. विल्यम वायलर हे नाव आपल्या वाचकांना अपरिचित नाही. १९५९ साली पडद्यावर आलेला आणि अकरा ऑस्कर पारितोषिके मिळवणारा ‘बेन हर’ त्यांचाच. त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १९५८ साली, याच दिग्दर्शकाने ‘द बिग कंट्री’ नावाचा चित्रपट केला. पुढे बेन हर झालेला चार्ल्टन हेस्टन यातही आहे, मात्र येथे तो एका जमीनदाराचा कारभारी आहे. नायकाचे काम ग्रेगरी पेक यांनी केले. घोडे, बंदुका आणि धुळीचे लोट असलेल्या पाश्चात्त्य चित्रपटांच्या मालिकेत तो मोडतो खरा, पण त्याचा खरा विषय बंदूक नाही. त्याचा विषय पाणी आहे.

कथा अशी आहे

अमेरिकेच्या पश्चिम भागात मेजर हेन्री टेरिल आणि रूफस हॅनसी ही दोन घराणी आहेत. दोघांचीही हजारो गुरे आहेत. टेरिल श्रीमंत, प्रशस्त वाड्यात राहणारा, शिष्टाचार पाळणारा. हॅनसी दरीतल्या ओबडधोबड घरांत राहणारा, रांगडा. वैर दोघांच्याही रक्तात इतके मुरलेले आहे की ते कशावरून सुरू झाले हे पुढच्या पिढीला धड सांगता येऊ नये. या दोघांच्या मध्ये ‘बिग मडी’ नावाची जमीन आहे. तिच्यातून नदी वाहते, आणि ती नदी दोघांच्याही गुरांचा प्राण आहे. ही जमीन ज्युली मॅरागॉन या शाळामास्तरीण असलेल्या तरुणीला आजोबांकडून वारशाने मिळालेली आहे. दोन्ही घराणी ती विकत घ्यायला टपलेली आहेत, आणि ती कोणालाच विकत नाही. दोघांचीही गुरे तिच्या नदीवर पाणी पितात. आजोबांनी तसे चालवले, तीही तसेच चालवते.

येथे पूर्वेकडून जेम्स मॅके नावाचा जहाजावरचा कप्तान येतो. टेरिलच्या मुलीशी, पॅट्रिशियाशी, त्याचे लग्न ठरले आहे. तो बिग मडी विकत घेण्याचे ठरवतो, पण हॅनसीच्या गुरांचे पाणी तोडणार नाही असे वचन देऊन. वाग्दत्त वधूला ही भेट आवडेल असे त्याला वाटते. तिला जमीन हवीच असते; परंतु हॅनसीलाही पाणी मिळणार हे कळताच तिचा संताप होतो आणि ठरलेले लग्न मोडते. आम्हांला चित्रपटातील हा प्रसंग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पाणी आपल्याला पुरते की नाही हा तिचा प्रश्नच नाही. दुसऱ्याला ते मिळता कामा नये, हा तिचा आग्रह आहे.

शेवटी रूफस हॅनसीला आपल्याच मुलावर, बकवर, गोळी झाडावी लागते. दोन्ही म्हातारे दरीत एकमेकांसमोर उभे राहतात आणि दोघेही मरतात. रूफसची भूमिका करणाऱ्या बर्ल आईव्हज यांना त्या वर्षीचे सहाय्यक अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले. नदी मात्र पूर्वीसारखीच वाहत राहते.

पडद्यामागचा इतिहास

ही कथा काल्पनिक असली तरी तिच्या मुळाशी खरा इतिहास आहे. अमेरिकेतील १८६२ च्या होमस्टेड कायद्याने पश्चिमेकडील सरकारी जमीन लहान कुटुंबांना कसण्यासाठी खुली झाली. १८७४ साली जोसेफ ग्लिडन यांना काटेरी तारेचे पेटंट मिळाले, आणि जी कुरणे आजवर मोकळी होती त्यांना कुंपणे पडू लागली. मोठ्या गुरेमालकांना ही लहान माणसे आणि त्यांची कुंपणे नकोशी झाली. वायोमिंग राज्यातील जॉन्सन परगण्यात एप्रिल १८९२ मध्ये बड्या गुरेमालकांनी टेक्सासहून भाडोत्री बंदूकधारी आणवले. ९ एप्रिल रोजी त्यांनी नेट चँपियन आणि निक रे या दोघांना ठार केले. गावकरी चिडून उठले, हल्लेखोर वेढले गेले, आणि अखेर राष्ट्राध्यक्षांच्या आज्ञेने आलेल्या घोडदळाने त्यांची सुटका केली. या प्रकरणी कोणालाही शिक्षा झाली नाही.

आणखी एक गोष्ट. ज्या भूमीवर ही दोन घराणी मालकी सांगतात, तिच्यावर त्यांच्याआधी आदिवासी जमाती राहत होत्या. चित्रपटात त्या कोठेच दिसत नाहीत. वैराच्या कथेत दोन पक्ष ठळक होतात आणि तिसरा पुसला जातो, हे आपण लक्षात ठेवू. पुढे त्याची गरज पडणार आहे.

१८९२: इकडे काय घडत होते

वायोमिंगमध्ये गोळीबार झाला त्याच १८९२ साली ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात तानसा धरणाचे पाणी मुंबईकडे निघाले. विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे तलाव वाढत्या मुंबईला अपुरे पडू लागले होते. तानसेवर सुमारे पावणेतीन किलोमीटर लांबीची दगडी भिंत उभी राहिली आणि शहराची तहान भागली. येथे भाडोत्री बंदूकधारी आले नाहीत. आले ते मोजणीदार, अभियंते आणि भूसंपादनाचे कागद.

शहापूर आणि मुरबाड हे सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके. एका अंगाला कसाऱ्याचा घाट, दुसऱ्या अंगाला माळशेज आणि नाणेघाट. मधून भातसा, काळू, शाई यांसारख्या नद्या वाहतात. येथील शेतजमीन दोन तऱ्हेची. सखल भागात भाताची खाचरे, आणि उंचावर ‘वरकस’. वरकस जमिनीत नाचणी-वरी पिकते, गुरे चरतात, आणि मुख्य म्हणजे राबासाठी पालापाचोळा व तोडलेल्या फांद्या मिळतात. रोपे टाकण्यापूर्वी शेण, पाला आणि गवत पसरून जमीन भाजायची, ही भातशेतीची जुनी रीत. म्हणून ज्याचे खाचर त्याला वरकसही हवे. खाचरांच्या वाटण्या बांध घालून होत. वरकस मात्र अनेकदा सामाईकच राही. आणि जे सामाईक, त्यावरच पुढे भांडण पेटे.

आपल्याकडचे ‘टेरिल’ गुरांचे मालक नव्हते. येथे सत्ता सावकार आणि जमीनदाराची होती. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की खावटी घ्यावी लागे, आणि पीक आल्यावर ती दिढीने, म्हणजे मणाला दीड मण, फेडावी लागे. लग्नासाठी कर्ज काढणारा आदिवासी तरुण ते फिटेपर्यंत धनकोच्या घरी राबे. त्याला ‘लग्नगडी’ म्हणत. अनेकदा बायकोही त्याच्याबरोबर राबे, आणि कर्ज काही फिटत नसे. १८६५ साली रेल्वे कसारा घाट चढून इगतपुरीला पोहोचली, तशी मुंबईची बाजारपेठ जवळ आली. लाकूड, तांदूळ आणि गवत यांना भाव आला. मुंबईतील तबेल्यांसाठी ठाणे जिल्ह्यातील गवताच्या गाठी जाऊ लागल्या. अशा रीतीने आपल्या जिल्ह्यातही कुरणाला पैशाचे मोल चढले, आणि ज्याच्या हाती कुरण त्याच्या हाती माणसे, असे समीकरण झाले.

याविरुद्ध उठाव झाले नाहीत असे नाही. अकोले तालुक्यातील देवगावचे राघोजी भांगरे या महादेव कोळी वीराने १८४४ पासून घाटमाथा आणि कोकण यांच्या सीमेवर सावकारांना आणि कंपनी सरकारला धडकी भरवली. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले. पुढे माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांनी गरीब शेतकऱ्यांसाठी शाळा आणि धान्यकोठ्या काढल्या, आणि १९४२ च्या लढ्यात आझाद दस्ता उभारून विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे मुरबाड तालुक्यातील सिद्धगडच्या रानात ते आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन भरले. तेथून परतलेल्या वारल्यांनी उंबरगाव-डहाणू भागात गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या मार्गदर्शनाखाली वेठबिगारी झुगारली. त्यांच्या संपाची एक मागणी गवतकापणीच्या मजुरीची होती: पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. गवतावरून रक्त सांडणे ही केवळ वायोमिंगची गोष्ट नव्हे, हे यावरून ध्यानात येईल.

बंदुकीच्या जागी सातबारा

स्वातंत्र्यानंतर या वैराचे रूप पालटले. १९४८ च्या कूळकायद्यात पुढे झालेल्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला, आणि त्या दिवशी कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे मालक मानले गेले. किंमत जमीन महसुलाच्या वीसपटीपेक्षा कमी आणि दोनशेपटीपेक्षा जास्त नसावी, अशी मर्यादा होती. हा कायदा मोठा होता, त्याने हजारो घरांत मालकी आणली. पण त्यासाठी सातबाऱ्यावर कूळ म्हणून नाव लागलेले असावे लागे, तारखेला हजर राहावे लागे, हप्ते भरावे लागत. ज्याला वाचता येत नव्हते आणि ज्याचे सारे व्यवहार सावकाराच्या वहीत होते, तो या परीक्षेत नापास झाला. आदिवासींच्या जमिनी तर या तारखेनंतरही हातांतून निसटत राहिल्या. म्हणूनच १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदा महाराष्ट्र विधिमंडळाला करावा लागला. १ नोव्हेंबर १९७५ पासून तो अमलात आला, आणि १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. वेठबिगारी बंद करणारा केंद्रीय कायदाही त्याच काळातला, १९७६ चा.

कूळ मालक झाले आणि मग दुसरा अंक सुरू झाला. सातबाऱ्यावर नाव लागले ते बहुधा थोरल्या भावाचे, एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणून. धाकट्यांनी विश्वासाने तसे चालू दिले. बहिणींची नावे लावण्याचा विचार फारसा कोणी केलाच नाही. थोरला गेला, त्याच्या मुलांची वारसनोंद झाली, आणि काकांना एके दिवशी कळले की ज्या खाचरात आपण जन्म काढला तेथे कागदोपत्री आपण कोणीच नाही. मग तलाठ्याकडे अर्ज, तहसीलदारांकडे हरकत, प्रांताकडे अपील, आणि शेवटी दिवाणी न्यायालय. द बिग कंट्रीतील म्हातारे एका सकाळी दरीत उभे राहून वैर संपवतात. आमच्याकडचे म्हातारे पिशवीत कागद घालून एकाच एस. टी.ने तालुक्याला जातात, एकमेकांकडे पाठ करून बसतात, पुढची तारीख घेतात आणि त्याच एस. टी.ने परत येतात. वादी मरतो, वारस दाखल होतात. दावा जिवंत राहतो.

जमिनीचा भाव वाढला की हे वैर अधिक धारदार होते. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून गेला. इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. ज्या वरकसाकडे पूर्वी कोणी ढुंकून पाहत नव्हते, त्याला अशा प्रकल्पांमुळे मोल आले. मोबदला येणार असे कळले की सासरी गेलेल्या बहिणीचा हक्क, परगावी गेलेल्या चुलत्याचा हिस्सा, वडिलांनी तोंडी दिलेला शब्द, सारे एकदम वर येते. बहिणीने हक्क मागितला तर तिला लोभी म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. ख्रिस्ती कुटुंबांना लागू असणाऱ्या १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात मुलगा व मुलगी यांना समान वाटा आहे, तरीही आपल्या घरांत हक्कसोडपत्रावर सही कोणाकडून घेतली जाते, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे.

आणि या सगळ्यांत जो पुसला जातो, तो तिसरा पक्ष? शहापूर-मुरबाडमधील कातकरी वाड्यांकडे पाहावे. अनेकांच्या झोपडीखालची जमीनही दुसऱ्याच्या नावावर असते. पावसाळा संपला की कुटुंबे वीटभट्ट्यांकडे निघतात. भाऊबंदकी करायलाही जमीन लागते. ती त्यांच्याकडे नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने रानात पिढ्यान् पिढ्या कसणाऱ्यांना हक्क मागण्याची वाट खुली केली, पण तेथेही पुन्हा पुरावा आणि कागद यांचीच परीक्षा आहे.

विहिरी कोणाच्या

पाण्यावरील वैर हे मानवजातीइतकेच जुने आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात इसहाकाच्या विहिरींची कथा आहे. त्याच्या चाकरांनी विहीर खणली की गरारचे गुराखी येऊन म्हणत, पाणी आमचे. त्याने पहिल्या विहिरीचे नाव भांडणावरून ठेवले, दुसरीचे वैरावरून, आणि पुढे जाऊन तिसरी खणली. तिच्यावरून कोणी भांडले नाही. तिचे नाव त्याने ऐसपैस जागेवरून रहोबोथ ठेवले. इसहाक दुबळा नव्हता. त्याला भांडता आले असते. पण पुढे जाऊन आणखी खणायला जागा होती, म्हणून त्याला वैर टाळता आले.

शहापूरला पुढे जायला जागा उरलेली नाही. तानसेनंतर वैतरणेवर मोडक सागर झाला, त्यानंतर भातसा आले. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांत भातसा सर्वांत मोठा आहे. शहराचे निम्म्याच्या आसपास पाणी त्या एकाच जलाशयातून येते. तानसा आणि भातसा ही दोन्ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. तरीही चैत्र-वैशाखात याच तालुक्यातील पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते, आणि बायका डोक्यावर हंडे घेऊन डोंगर उतरतात. मुरबाडच्या सीमेवर औद्योगिक विकास महामंडळाने १९७२ साली बारवी धरण बांधले, पुढे त्याची उंची वाढवली, आणि मुरबाड तालुक्यातील आणखी गावे पाण्याखाली गेली. मुरबाडमध्येच काळू नदीवर महानगरासाठी धरणाचे काम २०११ साली सुरू झाले. सुमारे एक हजार हेक्टर वनजमीन त्यात जाणार होती, आणि वनखात्याची मंजुरी मिळालेली नव्हती. गावकरी आणि श्रमिक मुक्ती संघटना न्यायालयात गेले, आणि २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयाने काम थांबवले.

आता चित्रपट पुन्हा आठवावा. तेथे दोन घराणी भांडतात आणि पाण्याची मालकीण दोघांनाही पाणी देते. येथे दोन भाऊ बांधावरून भांडतात, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत नदी तिसरीकडे निघून जाते. तिला नेणारे कोणी दुष्ट नाहीत. ते आपण आहोत. मुंबईतील आपल्या घरात नळ सोडला की शहापूरची नदी वाहते. १८९२ पासून आपण या पाण्याच्या व्यवहारात एक पक्ष आहोत. आपल्याला कधी बंदूक उचलावी लागली नाही, म्हणून आपण स्वतःला पक्ष समजत नाही, इतकेच. टेरिलही स्वतःला सुसंस्कृत समजत होता. शहराने पाणी पिऊ नये असे कोणी म्हणत नाही. ज्युलीनेही कोणाचे पाणी तोडले नव्हते. प्रश्न एवढाच, की ज्याच्या अंगणातून नदी वाहते त्याची घागर आधी भरते की नाही.

याचे उत्तर शोधण्यासाठी अमेरिकेस जाण्याची गरज नाही. ते आपल्याच वाटणीपत्रांत लिहून ठेवलेले आहे. भाऊ वेगळे होतात, खाचरांत नवे बांध पडतात, घराच्या मधून भिंत जाते, चुली दोन होतात. पण जुनी वाटणीपत्रे उघडून पाहिली तर शेवटी बहुधा एक कलम आढळते: विहीर सामाईक, विहिरीकडे जाण्याचा रस्ता सामाईक, पाण्याच्या पाळ्या ठरल्याप्रमाणे. एकमेकांचे तोंड न पाहणारे भाऊदेखील त्या कलमावर अंगठा उठवतात, आणि त्यांच्या बायका एकाच रहाटावर पाणी शेंदतात. शेतीची वाटणी होते, विहिरीची होत नाही, हे शहापूर-मुरबाडच्या अडाणी समजल्या गेलेल्या म्हाताऱ्यांना ठाऊक होते. शहर आणि तालुका यांच्यात एवढ्या मोठ्या वाटण्या झाल्या, एवढे करार झाले, एवढी धरणे उभी राहिली; ते एक कलम लिहायचे मात्र राहून गेले आहे.